घाटाच्या आधीचा गिअर

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला पंधरावा नियम वाहन चालवण्याच्या परीक्षेविषयी आहे. उमेदवाराला काय काय करून दाखवता आलं पाहिजे, याची लांबलचक यादीच त्यात दिली आहे. आरसे नीट लावणे, इंजिन सुरू करण्याआधी घ्यायची काळजी, वळण्यापूर्वी इशारा, अरुंद जागेत गाडी मागे घेणे अशा नेहमीच्या गोष्टींमध्ये दोन कलमं आहेत. एक : उतारावर चटकन खालच्या गिअरमध्ये येणे. दुसरं : तीव्र चढावर थांबून, तसूभरही मागे न सरकता पुन्हा निघणे. कारच्या परीक्षेला बसणारा मुलगा ही दोन कलमं बहुधा वाचतही नाही, आणि त्याचं फारसं बिघडत नाही. चांदवडहून ट्रकच्या लायसन्ससाठी जाणाऱ्या मुलाने मात्र तयारीला याच दोन कलमांपासून सुरुवात करावी. त्याला कारण चांदवडचा भूगोल.

नाशिकहून मुंबई-आग्रा महामार्गाने निघालं की साधारण पासष्ट किलोमीटरवर चांदवड लागतं. रेणुकामातेचं देऊळ महामार्गालगतच्या डोंगरात, अहिल्याबाईंच्या काळाची आठवण सांगणारा होळकरांचा रंगमहाल गावात, आणि पाठीशी सातमाळ्याची रांग : चांदवडचा किल्ला, इंद्राई, राजधेर, कोळधेर. ही रांग ओलांडल्याशिवाय रस्त्याला पुढे जाता येत नाही. म्हणून चांदवड आणि मालेगावच्या मध्ये राहुड घाट आहे. मुंबईच्या बाजूला गेलं तर इगतपुरीनंतर कसारा घाट. म्हणजे इथला चालक या महामार्गाने कुठल्याही दिशेने लांबच्या फेरीला निघाला, तरी भरलेली गाडी घेऊन घाट उतरणं त्याला चुकत नाही. राहुड घाटातल्या अपघातांच्या बातम्या या भागातल्या वाचकांना नवीन नाहीत, आणि त्या बातम्यांत दोन शब्द हमखास असतात : ब्रेक फेल. या दोन शब्दांच्या आड नेमकं काय घडतं, ते पुढे सविस्तर येईल.

चांदवड तालुक्यात ट्रक चालवणं हा काही हौसेचा विषय नाही. चांदवड, लासलगाव, पिंपळगाव बसवंत, उमराणे इथल्या बाजार समित्यांमधून कांदा देशभर जातो. वडनेर भैरवच्या पट्ट्यातून द्राक्षं आणि टोमॅटो जातात. मनमाडजवळच्या पानेवाडीत तेल कंपन्यांचे डेपो आहेत आणि तिथून निघणारे टँकर उत्तर महाराष्ट्राला पेट्रोल-डिझेल पुरवतात. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला चालकांनी नव्या कायद्यातल्या शिक्षेविरुद्ध काम थांबवलं, तेव्हा पानेवाडीचे टँकर उभे राहिले आणि पंपांवर रांगा लागल्या. चालक किती महत्त्वाचा असतो, हे एरवी कोणाच्या लक्षात येत नाही.

गावात पिकअप किंवा छोटा हत्ती चालवणारी पोरं भरपूर आहेत. त्यांच्यासाठी एक गोष्ट अलीकडेच पक्की झाली. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला, की एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेलं मालवाहू वाहन साध्या हलक्या मोटारीच्या लायसन्सवर चालवता येतं. पिकअपवाल्याला वेगळी नोंद नको. पण सहाचाकी-दहाचाकीवर बसायचं, तर पायरी बदलते. १२,००० किलोच्या वर गाडी गेली की ती जड माल वाहन ठरते आणि तिथे जड वाहनाचंच लायसन्स लागतं.

त्या पायरीवर चढायच्या अटी मोटार वाहन कायदा, १९८८ आणि त्याखालच्या नियमांमध्ये आहेत. वय २० पूर्ण हवं. हलक्या मोटारीचं पक्कं लायसन्स हातात येऊन किमान वर्ष झालेलं असावं. त्याआधी जड वाहनाचं शिकाऊ लायसन्स मिळत नाही. नमुना १-अ मध्ये डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात उजेडात २५ मीटरवरून मोटारीची नंबरप्लेट वाचता येते का, हा साधा पण कसोटी पाहणारा प्रश्न असतो. मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलचं नमुना ५ मधलं प्रमाणपत्र लागतं. शिकाऊ लायसन्स सहा महिने चालतं आणि ते मिळाल्यावर ३० दिवसांच्या आत पक्क्या परीक्षेला बसता येत नाही. आठवी पास असण्याची अट मात्र २०१९ मध्ये काढून टाकली. हा निर्णय योग्यच होता, असं माझं मत आहे. शाळा सुटलेल्या कितीतरी मुलांचे हात आणि डोळे स्टेअरिंगवर उत्तम चालतात, आणि त्यांना बाहेर ठेवल्याने रस्ता सुरक्षित झाल्याचं दिसलं नव्हतं.

परीक्षा ज्या प्रकारच्या वाहनासाठी, त्याच प्रकारच्या वाहनावर द्यावी लागते. नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा बसता येतं. तीनदा नापास झालात तर ६० दिवस थांबावं लागतं.

कागद एवढेच. आता गाडी.

ट्रकच्या केबिनमध्ये पहिल्यांदा बसलेल्या कारवाल्याला उंचीची आणि लांबीची भीती वाटते. खरा फरक त्याच्या पायाखाली असतो. कारचा ब्रेक तेलावर चालतो, ट्रकचा हवेवर. इंजिनला जोडलेला कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये हवा भरतो, आणि पेडल दाबलं की ती हवा चाकाजवळच्या डब्यात, म्हणजे ब्रेक चेंबरमध्ये जाऊन लायनर ड्रमवर दाबते. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीत हवा उतरलेली असू शकते. म्हणून सकाळी इंजिन सुरू केल्यावर पहिलं काम म्हणजे काही न करता डॅशबोर्डवरच्या काट्यांकडे बघत बसणं. बहुतेक गाड्यांत दोन काटे असतात, कारण हवेचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक फुटला तरी दुसरा काम करावा म्हणून. काटे चढतात, इशाऱ्याचा दिवा विझतो, बझर थांबतो, आणि साधारण सात-आठ बारपाशी हवा पूर्ण भरते. मग सुकवणीच्या व्हॉल्व्हमधून फुस्स असा आवाज येतो. तोवर गाडी हलवायची नाही.

हवा भरली की पुढची तपासणी. चाकांना दगडाची ओट लावायची, इंजिन बंद करायचं, हँडब्रेक सोडून पेडल पूर्ण दाबून धरायचं आणि काट्यांवर नजर ठेवायची. काटा जरासा खाली येऊन थांबला तर ठीक. हळूहळू उतरतच राहिला तर कुठेतरी हवा गळते आहे. मग पेडल पुन्हा पुन्हा दाबून हवा मुद्दाम संपवायची आणि इशारा कधी वाजतो ते पाहायचं. हे करताना शिकणाऱ्याला एक गोष्ट डोळ्यांनी दिसते, जी सांगून पटत नाही : प्रत्येक दाबाला हवा खर्च होते. टाकीत ठरावीक हवा आहे, आणि घाटात पेडल पंप करत उतरणारा चालक ती उधळत असतो.

हँडब्रेकचं गणित तर उलटंच आहे. आताच्या बहुतेक ट्रकमध्ये मागच्या चाकांचे ब्रेक एका जाड स्प्रिंगने लागलेले असतात, आणि हवा त्या स्प्रिंगला मागे दाबून धरते. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि चाकं जखडतात. म्हणजे हवा पूर्ण संपली तर गाडी मोकाट सुटण्याऐवजी जागीच अडकून पडते. मग घाटातल्या ट्रकचे ब्रेक फेल कसे होतात?

उत्तर उष्णतेत आहे. दहाचाकी ट्रकचं मालासकट कायदेशीर वजन पूर्वी २५ टन होतं, जुलै २०१८ पासून ते साडेअठ्ठावीस टन झालं. असा भरलेला ट्रक शंभर मीटर उंचीचा उतार एकसारख्या वेगाने उतरला, की त्याच्या वजनातून सुमारे २८ दशलक्ष ज्यूल ऊर्जा मोकळी होते. ही सगळी ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. ती पूर्णपणे ब्रेकमध्ये गेली, तर साधारण नव्वद लिटर पाणी नळाच्या गारव्यापासून उकळीपर्यंत नेण्याइतकी उष्णता ड्रममध्ये साठते. आणि ड्रमभोवती पाणी नसतं. चाकाच्या रिममध्ये कोंडलेली थोडी हवा असते. ड्रम तापून फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब जातो. लायनरचा पृष्ठभाग चकचकीत होऊन त्याची पकड घटते. ब्रेक चेंबरच्या दांड्याला ठरावीकच पल्ला असतो; ब्रेक आधीच ढिले असतील तर तो पल्ला फुगलेल्या ड्रमपर्यंत पोचतच नाही. चालक पेडल पूर्ण दाबतो, हवा असते, काटा आठवर असतो, आणि गाडी थांबत नाही. स्प्रिंगचा हँडब्रेकसुद्धा त्याच तापलेल्या ड्रमवर काम करतो, म्हणून तोही उपयोगी पडत नाही. बातमीत याला ब्रेक फेल म्हणतात. बहुतेक वेळा ब्रेक बिघडलेला नसतो. त्याच्याकडून त्याच्या कुवतीबाहेरचं काम करून घेतलेलं असतं.

ते काम इंजिनचं आहे. पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की डिझेल बंद होतं आणि मग चाकंच इंजिनला फिरवू लागतात. इंजिन फिरायला विरोध करतं. खालच्या गिअरमध्ये त्याच वेगाला इंजिनचे फेरे जास्त होतात, म्हणून विरोधही जास्त. एक्झॉस्ट ब्रेकचं बटण दाबलं की सायलेन्सरकडे जाणारी वाट एका झडपेने जवळजवळ बंद होते, पिस्टनला कोंडलेल्या वायूवर ढकलावं लागतं आणि विरोध आणखी वाढतो. ही सगळी उष्णता इंजिनमधून बाहेर पडते, आणि ती बाहेर टाकण्यासाठी रेडिएटर आणि पंखा आधीपासूनच तिथे आहेत.

पण यासाठी गिअर घाट सुरू होण्याआधी टाकावा लागतो. उतारावर वेग धरलेल्या लोड गाडीला खालच्या गिअरमध्ये आणायला जाल, तर इंजिन आणि चाकांचा मेळ बसत नाही. गिअर वरून निघतो, खाली पडत नाही, आणि गाडी न्यूट्रलमध्ये मोकळी सुटते. नियमातल्या त्या कलमात ‘चटकन’ म्हटलं आहे. भरलेल्या ट्रकवर त्याचा व्यवहारातला अर्थ ‘आधीच’ असा घ्यावा लागतो. जुने उस्ताद सांगत, ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. आजच्या गाड्यांची इंजिनं जास्त ताकदीची आहेत, वरच्या गिअरमध्येही सहज चढतात. म्हणून आता उतरताना त्याहून एक गिअर खाली असलेलं बरं. वेग वाढतोय असं वाटलं तर पेडलवर पाय ठेवून राहायचं नाही. एकदा ठामपणे दाबून वेग चांगला खाली आणायचा, पाय पूर्ण सोडायचा, ड्रमला वारा लागू द्यायचा.

डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारण्याची जी सवय आहे, तिच्याबद्दल मी सौम्य शब्दांत लिहू शकत नाही. ती माणसं मारते. शिवाय त्यात बचतही नाही : गिअरमध्ये असताना पाय वर असेल तर आधुनिक इंजिन डिझेल घेतच नाही, आणि न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला मात्र डिझेल लागतं. इंजिनच बंद करणारे तर पॉवर स्टेअरिंग आणि कॉम्प्रेसर दोन्ही गमावून बसतात.

आता अडचण अशी, की परीक्षेचं मैदान सपाट असतं आणि गाडी खाली असते. ड्रायव्हिंग स्कूलचा ट्रकही बहुधा रिकामाच. नियम ३१ नुसार व्यावसायिक वाहनाचं प्रशिक्षण किमान ३० दिवसांचं आणि प्रत्यक्ष चालवणं किमान १५ तासांचं असायला हवं, पण ते भरलेल्या गाडीवर व्हावं अशी सक्ती कुठे जाणवत नाही. म्हणून स्कूल निवडताना फी विचारण्याआधी तीन गोष्टी विचाराव्यात. गाडीचे हवेचे काटे चालू आहेत का? चढावर थांबून निघायचा सराव कुठे घेता? उतारावर कधी नेता? उत्तर देताना समोरचा माणूस चाचरला, तर दुसरं स्कूल बघावं.

या भागातले बहुतेक चालक स्कूलमध्ये शिकलेच नाहीत. ते आधी क्लीनर होते. गाडी धुतली, टायरवर हातोडी मारून हवा ओळखली, ताडपत्री बांधली, रात्री उस्तादाला जागं ठेवलं, आणि मोकळ्या रस्त्यावर हळूच स्टेअरिंग हातात आलं. या शिक्षणात खोली आहे. टायरच्या आवाजावरून हवा कळणारा माणूस कुठल्याही वर्गात तयार होत नाही. पण कायद्याने शिकाऊ लायसन्स, पुढे-मागे लाल ‘एल’ आणि शेजारी लायसन्सधारक शिकवणारा, एवढं लागतंच. चोरून शिकलेल्या क्लीनरच्या हातून अपघात झाला, तर विम्यापासून तुरुंगापर्यंत सगळं त्याच्या अंगावर येतं. माझं सांगणं इतकंच : उस्ताद सोडू नका, पण आधी शिकाऊ लायसन्स काढा. मग त्याच्या शेजारी बसून राजरोस शिका.

उस्तादाकडून एक गोष्ट जरूर शिकून घ्यावी, ती म्हणजे मागची चाकं कुठून जातात. वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत. ती आतल्या बाजूने कापत जातात. गाडी जितकी लांब, तितकं जास्त. महामार्ग सोडून मनमाडकडे वळणारा नवा चालक पुढचं चाक अगदी सुबकपणे काढतो आणि मागचं चाक कोपऱ्यावरच्या दुचाकीवर चढवतो. डाव्या बाजूला दरवाजाखालचा भाग आरशात दिसत नाही, तिथे उभा असलेला माणूस चालकाच्या दृष्टीने नसतोच. सराव असा करावा : गाडी उभी करून एखाद्याला तिच्याभोवती चालायला सांगावं आणि तो कुठे दिसेनासा होतो ते केबिनमधून बघून घ्यावं. रिव्हर्सची परीक्षा बहुतेकांना अवघड जाते, कारण ते घाई करतात. मागे जाताना पाच पावलं गेल्यावर शंका आली तर थांबावं, उतरावं, बघावं, पुन्हा बसावं. परीक्षा घेणाऱ्या मोटार वाहन निरीक्षकाला यात कमीपणा दिसत नाही.

चढावर निघणं तसंच. हँडब्रेक लावलेला, पहिला गिअर, क्लच हळू सोडत इंजिनचा आवाज जड होईपर्यंत आणायचा, केबिनचं नाक किंचित उचललं गेल्यासारखं जाणवतं, तेव्हा हँडब्रेक सोडायचा. आधी सोडला तर गाडी मागे जाते आणि नापास. उशिरा सोडला तर क्लच जळतो, आणि त्याचा वास केबिनमध्ये बराच वेळ राहतो. रिकाम्या गाडीवर हे जमलं की खडी किंवा कांदा भरलेल्या गाडीवर पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं. वेळ हातात ठेवून तयारी करावी ती यासाठीच.

अमेरिकेत ट्रकच्या लायसन्सची परीक्षा तीन भागांत होते, आणि पहिला भाग गाडी चालवण्याआधीच असतो. उमेदवाराने गाडीभोवती फिरून काय तपासतो आणि का, हे बोलून दाखवायचं. हवेच्या ब्रेकची तपासणी क्रमाने करून दाखवायची. ती चुकली तर पुढचं काहीच होत नाही. ७ फेब्रुवारी २०२२ पासून तिथे नव्या चालकाला नोंदणीकृत संस्थेतलं प्रशिक्षणही सक्तीचं झालं. आपल्याकडे ‘इंजिन सुरू करण्याआधीची काळजी’ हे कलम १९८९ पासून आहे, फक्त ते एका ओळीत आहे. चांदवडच्या उमेदवाराने ती ओळ स्वतःपुरती मोठी करून घ्यावी : टायर, नट, हवेच्या टाकीतलं पाणी काढणं, दिवे, आरसे, ताडपत्रीचा दोर. निरीक्षक विचारो न विचारो.

आपल्याकडेही वाट रुंदावते आहे. १ जुलै २०२१ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अधिमान्य चालक प्रशिक्षण केंद्रं निघू शकतात; जड वाहनांसाठी दोन एकर जागा, सिम्युलेटर, परीक्षेचा ट्रॅक, आणि सहा आठवड्यांत ३८ तासांचा अभ्यासक्रम. तिथे उत्तीर्ण झालेल्याला आरटीओची वेगळी परीक्षा द्यावी लागत नाही. पुण्यात भोसरीला सीआयआरटी (सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट) ही संस्था १९६७ पासून आहे आणि चालक प्रशिक्षणाचं तिचं काम जुनं आहे. चांदवडच्या मुलाला सहा आठवडे पुण्यात राहणं परवडत नाही, हे खरं. घाट असलेल्या प्रत्येक तालुक्याच्या आसपास असं केंद्र असावं, ही मागणी कांद्याच्या भावाइतक्याच जोरात व्हायला हवी.

आणि ती मागणी मुलींसाठीही हवी. शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन नोव्हेंबर १९८६ मध्ये याच चांदवडला झालं होतं. आज तालुक्यातल्या बायका ट्रॅक्टर चालवतात, एसटीत महिला चालक आल्या आहेत; जड वाहनाच्या परीक्षेच्या रांगेत मात्र त्या अजून क्वचितच दिसतात. पॉवर स्टेअरिंग आणि हवेचा ब्रेक आल्यापासून या कामाला मनगटाचं बळ लागत नाही. लागतं ते मुक्कामाला सुरक्षित जागा आणि स्वच्छ शौचालय, आणि ते देणं चालकाच्या हातात नाही.

लायसन्स मिळाल्यावर व्यावसायिक नोंद पाच वर्षं चालते. पहिलं वर्षभर सहाचाकीवर, ओळखीच्या रस्त्यावर, दिवसा काम मिळालं तर कमी पैशातही घ्यावं. २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार वाहतूक कामगार कायदा, १९६१ नुसार दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा होती. सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती होती. मालकाशी बोलणी करताना आताची मर्यादा माहीत करून घ्यावी. पहाटे तीन ते पाचमध्ये डोळा लागतोच, त्यामुळे घाट त्या वेळेत येणार असेल तर अलीकडेच गाडी बाजूला घेऊन झोपावं.

ज्याला पुढे पानेवाडीच्या टँकरवर जायचं आहे, त्याने आणखी एका गोष्टीची तयारी आतापासून ठेवावी. धोकादायक माल वाहण्यासाठी जड वाहनाच्या लायसन्सवर वेगळी नोंद लागते. त्यासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, आणि एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहिता-वाचता येणं आवश्यक असतं. टँकरवरचा धोक्याचा फलक आणि सोबतचा कागद चालकाला स्वतः वाचता आला पाहिजे. ही नोंद तीन वर्षं चालते, आणि नूतनीकरणाच्या वेळी एक दिवसाची उजळणी करावी लागते. आठवीची अट गेली म्हणून वही मिटलेल्या मुलांनी ती इथे पुन्हा उघडावी. टँकरमधला माल भरपूर हलतो, अर्धवट भरलेला तर अधिकच. ब्रेक दाबल्यावर पेट्रोल पुढे धावतं आणि गाडीला ढकलतं, वळणावर ते बाहेरच्या बाजूला चढतं आणि गाडी कलते. म्हणून टँकरवाल्याने घाट कांद्याच्या गाडीपेक्षाही सावकाश उतरायचा असतो, आणि गिअर त्याहून आधी टाकायचा असतो.